बूड खाली, शेंडा वर

मासिंगमामाच्या लग्नासाठी पाळलेली डुकरं राखेखाली मेली आणि त्याची ठरलेली सोयरीक मोडली, त्या वर्षी आम्ही आमचं बेट सोडलं. डोंगर आधीही धुमसायचा, राख टाकायचा. त्या वर्षी त्यानं थांबायचं नावच घेतलं नाही. माडांचे शेंडे राखेच्या भारानं मोडले, पाण्याला गंधकाचा वास आला, जमिनीतली कोनफळं उकडल्यासारखी मऊ पडली. मिशनची बोट आम्हाला न्यायला आली तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. आजीनं एका हातानं मला धरलं आणि दुसऱ्या काखेत एक गुंडाळलेली चटई. बाकीचं सगळं मागे राहिलं.

ती चटई केवड्याच्या पातीची, लाल नक्षीची. आमच्यात बाईचे केस पांढरे झाले की ती मेल्यावर स्वतःला गुंडाळायची चटई स्वतः विणून ठेवते. आजीची विणून झाली होती. वाटेत बोट हलून मला ओकाऱ्या झाल्या तेव्हा तिनं अंगावरचं कापड माझ्यापुढे धरलं, चटई वर उचलून धरली.

माझी आई मला जन्म देताना गेली. बाप मळ्यावर खोबरं वाळवायला आलेला परक्या बेटाचा माणूस, तो बोटीत बसून गेला तो गेलाच. आमच्याकडे मूल जन्मलं की बाप त्याची नाळ पुरतो आणि वर माड लावतो. तो माड जिथं, ते त्या मुलाचं गाव. माझी नाळ आजीनं पुरली होती, माडही तिनंच लावला होता, पण बाईनं लावलेला माड कोणी धरत नाही. आमच्या गावातली पोरंसुद्धा मला म्हणायची, "केसिया, तू कुठली गं? तुझा माड दाखव." म्हणून बेट सोडताना सगळी रडत होती ती कशासाठी, हे मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. माझ्याकडे सोडण्यासारखं काही नव्हतंच. आजी होती, आणि ती माझा हात धरून बोटीत बसलेली होती.

परक्या बेटावर उतरल्यावर तिथल्या मुखियानं आम्हा चार-पाच घरांना गावाच्या वडाखाली बसवलं. शहाळी दिली. मग उभा राहून म्हणाला, "पाहुणे आहात. उपाशी ठेवणार नाही. ओढ्यापलीकडचा उतार घ्या. कोनफळ लावा, अळू लावा, केळी लावा. वर्षाचं पीक घ्या. पण झाड लावायचं नाही. माड नाही, फणस नाही, काहीच नाही. घराला टिकाऊ लाकूड घालायचं नाही. आणि माणूस पुरायचा नाही. मेलं कोणी तर आपल्या बेटावर न्यायचं."

आमच्यातला एक म्हातारा पुटपुटला, "बेटावर काय, राखेत पुरायचं?"

मुखियाचा भाऊ कालोरिब तिथंच उभा होता. रुंद छातीचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. म्हणाला, "राखेत माणूस चांगला टिकतो, म्हाताऱ्या. खारवलेल्या माशासारखा." त्याची माणसं हसली. त्या दिवसापासून आम्ही राखुंडे झालो.

ते झाड न लावण्याचं कारण कोणाला विचारायची गरज नव्हती. आमच्याकडेही तोच रिवाज. कोनफळ वर्षात निघतं, माणूस निघून जातो. झाड उभं राहतं. ज्याचं झाड त्याची सावली, ज्याची सावली त्याची पोरं तिथं बसतात, आणि बसलेल्याला उठवणं अवघड.

मामानं ओढ्याकाठचं हलकं लाकूड आणून झोपडी उभी केली. खांबांत नख रुतायचं. पहिल्याच पावसात त्यांच्या बुडाशी बुरशी धरली. मी आजीला विचारलं, "आजी, आपण इथं कुठवर राहायचं?"

"कोनफळ निघेपर्यंत."

"मग?"

"मग दुसरं कोनफळ लावायचं."

"आणि मग?"

"तुझं तोंड दुखत नाही का गं?" आजी म्हणाली.

पांगारा लाल फुलला तशी आम्ही लावणीला लागलो. हे मात्र दोन्ही बेटांवर सारखं. पांगारा फुलला की कोनफळाची लावण. उतार झुडपांनी गच्च भरला होता. मामानं कोयत्यानं झोडपला, आम्ही पेटवला, मग आजी टोकदार काठी घेऊन बसली. काठी जमिनीत मारायची, अंगाचा भार टाकून उचकायची, मातीचा हातानं भुगा करायचा, त्याचा वारुळासारखा ढीग रचायचा, त्या वारुळात कोनफळाचा तुकडा डोळा वर करून ठेवायचा. राखेनं आजीच्या छातीत घर केलं होतं. दर वारुळामागे तिला खोकला यायचा. ती काठीवर कपाळ टेकून खोकायची, थुंकायची, थुंकीवर पायानं माती लोटायची आणि पुढे सरकायची.

वेल वर चढायला लागले आणि कालोरिबची डुकरं आली. सकाळी गेलो तर एक अख्खी ओळ उलथलेली. आजी मला घेऊन त्याच्या दारात गेली. तो भाजलेलं केळं खात बसला होता. त्यानं आम्हाला बसा म्हटलं नाही. आजी उन्हात उभी राहिली.

"कालोरिब, तुझी डुकरं मळ्यात शिरली."

"कुणाच्या मळ्यात?"

"आम्हाला दिलेल्या."

"डुक्कर माझं. जमीन माझ्या भावाची. मग डुकरानं कुणाचं खाल्लं, म्हातारे?" तो हसला. "त्याला कळत नाही गं राखुंडा कोण नि घरचा कोण. सगळं सारखंच लागतं."

"मग कुंपण घालू दे."

"घाल की. मी कुठं हात धरलाय? पण माझ्या माडाला हात लावायचा नाही, चांगल्या लाकडाला हात लावायचा नाही." त्यानं केळ्याची साल आजीच्या पायाजवळ टाकली. "घे, तुझ्या नातीला."

मी ती साल उचलली नाही. आजीनं उचलली. वाटेत, ओढ्याजवळ आल्यावर, ती तिनं पाण्यात टाकली.

आमच्या बेटावर कुंपणं दगडाची असतात. डोंगरानं ओकलेला काळा दगड हवा तेवढा पडलेला असतो, तो रचायचा. इथं कुंपणाएवढा दगड नव्हता, नुसती माती. आता कुंपण कशाचं घालायचं? चांगलं लाकूड तोडायचं नाही. उरला पांगारा. तो कोणाच्या उपयोगाचा नाही, जळायला नाही, घराला नाही, वर काटे. ओढ्याच्या वरच्या अंगाला तो रानभर माजला होता. मामा फांद्या तोडायचा, आम्ही दोघी ओढत आणायचो. काट्यांनी हात फाटायचे. संध्याकाळी आजी माझे हात मिठाच्या पाण्यात धरायची आणि मी ओरडले की म्हणायची, "ओरड. ओरडून घे."

खांब रोवताना आजी मामाच्या मागे मागे फिरत होती. मामा खांब खड्ड्यात टाकायचा, आजी वाकून बघायची.

"हा उलटा आहे, मासिंग. फिरव."

"खांब तो, आई. त्याला उलटं काय नि सुलटं काय?"

"बूड खाली, शेंडा वर. माणसाला डोक्यावर उभं करतात का?"

मामा वैतागून फिरवायचा. मधे वेत गुंफून कुंपण पुरं झालं तेव्हा आजी त्याच्या कडेकडेनं एकदा पूर्ण फिरली, प्रत्येक खांबावर तळवा ठेवत. मला वाटलं, मजबुती बघते आहे.

पाऊस लागला. डुकरं कुंपणाला नाक लावून परत गेली. कोनफळाची पानं माझ्या चेहऱ्यापेक्षा मोठी झाली. त्या दिवसांत आजी मळ्यात बसून लापलाप करायची. कोनफळ किसून, केळीच्या पानात गुंडाळून, तापल्या दगडांत घालून. आम्ही ते गरम गरम खायचो. पोट भरलं की मी कुंपणाला पाठ लावून बसायची. तोपर्यंत कधी कशाला पाठ लावून बसले नव्हते. अशीच बसले असताना मानेला काहीतरी मऊ लागलं. वळून पाहिलं तर खांबाला कोंब आलेला. तीन इवली पानं, अजून मिटलेली.

"आजी! खांब जिवंत आहे!"

आजी आली. तिनं आधी ओढ्याकडे पाहिलं, मग मळ्याच्या वाटेकडे, मग कोंबाकडे. बराच वेळ कोंबाकडे. मग अंगठा ठेवून तो खुडला.

"कशाला खुडलास?"

"आपल्याला झाड लावायचं नाहीये," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सगळे खांब फुटले. त्या पावसात मातीत काठी टाकली तरी फुटावी, अशी ती जमीन. मग आमचं एक नवं काम सुरू झालं. उजाडताच कुंपणाकडे जायचं, एकीनं या टोकाकडून, एकीनं त्या टोकाकडून, आणि कोंब खुडत मधे भेटायचं. पांगाऱ्याचा चीक बोटांना लागून कातडी काळी पडली. आज खुडला की परवा दोन. मामा बघायचा आणि चिडायचा.

"मळ्यावर चल म्हणतोय. खोबऱ्याच्या मळ्यावर माणसं घेतायत. राहायला पत्र्याची खोली देतात. गळत नाही, कुजत नाही."

"काम सुटलं की?"

"काम सुटेल तेव्हा बघू."

"काम सुटलं की खोली सुटते. या पोरीला मी खोल्या दाखवत फिरू का?"

"आणि इथं काय आहे? पाय पसरायचे तरी विचारून."

आजी खोकली.

एका सकाळी कोंब खुडताना मला वाटेवर मुखियाची बायको उभी दिसली. लेइताऊ तिचं नाव. उंच, वाळकी बाई, डोक्यावर सरपणाची मोळी. ती कधीची उभी होती कोण जाणे. तिनं मोळी उतरवली, कुंपणाजवळ आली आणि एकेका खांबाकडे बघत चालत गेली. शेवटाला जाऊन परत आली.

"तबिता," ती आजीला म्हणाली, "आमच्याकडे पोरं कुंपण घालतात तेव्हा निम्मे खांब उलटे लागतात. ते सुकतात. उरलेले फुटतात. तुझे एवढे खांब, एकही उलटा नाही."

"आम्ही दगडाची कुंपणं घालणारी माणसं," आजी म्हणाली. "आम्हाला लाकडातलं काय कळतं?"

"हो का?" लेइताऊनं मोळी उचलली. "माझ्या नवऱ्याला मी काही सांगत नाही. पण माझा दीर आंधळा नाही."

ती गेल्यावर मी आजीच्या तोंडाकडे पाहिलं. ती परत कोंब खुडायला लागली होती. पण त्या दिवशी ओढ्याकडच्या कोपऱ्यातला एक खांब तिनं सोडला. मला वाटलं, विसरली.

कोनफळाची पानं पिवळी पडायला लागली, काढणी आठ-पंधरा दिवसांवर आली, तेव्हा मळ्याच्या तोंडाशी नमेलेची, म्हणजे बंदीची झावळी बांधलेली दिसली. ती झावळी जिथं लागते तिथं पाऊल टाकायचं नाही; पाण्याला लागली तर पाणी प्यायचं नाही, माडाला लागली तर नारळ पाडायचा नाही. बंदी मोडली तर दंडाचं डुक्कर द्यावं लागतं, आणि आमच्याकडे डुक्कर नव्हतं. आजी झावळीच्या अलीकडे थांबली आणि आत बघत राहिली. आत आमचं वर्षाचं अन्न होतं.

दुपारी वडाखाली बोलावणं आलं. पुरुष मधे, बायका कडेला. मुखिया दगडावर बसला होता. कालोरिबनं एक फांदी आणून त्याच्यासमोर टाकली. ओढ्याकडच्या कोपऱ्यातली. तिच्यावर पानांचा झुपका होता.

"बघ दादा," तो म्हणाला. "पाहुणे झाडं लावतायत."

मुखियानं आजीला पुढे बोलावलं. बाईला मधे बोलावणं म्हणजे सगळ्यांदेखत उघडं करणं. आजी गेली, गुडघ्यावर बसली.

"तबिता, झाड लावलंस की खांब?"

"खांब."

"खांबाला पानं फुटतात का?"

"आमच्या खांबांना कधी फुटली नाहीत. तुमची जमीन चांगली आहे, त्याला मी काय करू?"

कडेच्या बायकांत कोणीतरी हसलं. कालोरिब तापला. "तोंड बघा! आज खांब फुटला, उद्या म्हणेल घर फुटलं, परवा ही काळी कार्टी म्हणेल मी इथलीच."

"ती कुठलीच नाही," आजी म्हणाली. तिचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. "म्हणूनच म्हणते, एवढे घाबरू नका. एका पोरीला केवढी जागा लागते?"

"किती का लागेना, इथं नाही."

मुखियानं फांदी हातात घेऊन फिरवली. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याचा भाऊ मोठ्यानं बोलणारा होता, आणि गाव भावाकडे बघत होतं. शेवटी म्हणाला, "खांब उपटा. सगळे. तुमच्या हातांनी. मग झावळी सुटेल. आणि दंड द्यावा लागेल."

मामा म्हणाला, "आमच्याकडे डुक्कर नाही."

"काय आहे?"

आजी उठली, झोपडीकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या काखेत चटई होती. तिनं ती मुखियाच्या दगडापुढे उलगडली. लाल नक्षी उन्हात उठून दिसत होती. बायका माना लांब करून बघायला लागल्या. अशी वीण त्या बेटावर कोणाला येत नव्हती. आमच्या माणसांनी खाली पाहिलं. ती चटई कशासाठी होती ते त्यांना ठाऊक होतं.

"चांगली आहे," कालोरिब म्हणाला. "वहिनीला द्या. पोरं हगतील त्यावर."

खांब उपटायला आम्ही तिघंच होतो. आमच्यातली बाकीची माणसं आपापल्या झोपड्यांत बसली. त्यांना वाटलं, मदत केली तर पुढची झावळी आपल्या मळ्याला लागेल. गावातली पोरं मात्र बघायला आली. खांब वरून खांब होते, खाली झाडं झाली होती. मुळं दंडाएवढी नाही, पण करंगळीएवढी तरी जाड, आणि मातीला मिठी मारून बसलेली. मामा खांबाला मिठी मारून मागे झुकायचा, मी त्याची कंबर धरून ओढायची, आजी काठीनं माती उकरायची. खांब सुटला की मामा आणि मी उताणे पडायचो. पोरं टाळ्या पिटायची. काट्यांनी मामाची छाती सोलवटली. आजीनं एकदा खोकून जे थुंकलं त्यात लाल होतं. तिनं पायानं माती लोटली. मी पाहिलं.

"आजी, तू बस."

"बसते. हा एवढा झाला की बसते."

संध्याकाळी कालोरिब येऊन सगळं फिरून बघून गेला. जाताना झावळी सोडली. "आता कसं मोकळं वाटतं," तो म्हणाला.

सकाळी आम्ही टोपल्या घेऊन काढणीला गेलो. डुकरं आमच्या आधी येऊन गेली होती. वारुळं फुटलेली, वेल तुडवलेले, कोनफळं अर्धी अर्धी खाऊन टाकलेली, त्यांच्यावर दातांच्या खुणा. मामा तिथंच खाली बसला. मग उठला, झोपडीत गेला, आपला कोयता आणि कापड घेतलं.

"मी खोबऱ्याच्या मळ्यावर चाललो. येतेस का, आई?"

"हे गोळा कोण करणार?"

"डुकरांचं उष्टं?"

"उष्टं कापून टाकलं की उरतं ते कोनफळ असतं," आजी म्हणाली. "तू जा. खोली बघून ठेव. आम्ही येतो मागून."

मामा गेला. आम्ही दोघी गुडघ्यांवर सरकत कोनफळाचे तुकडे वेचत राहिलो. आजी प्रत्येक तुकडा हातात फिरवून बघायची. चावलेला भाग दगडाच्या पात्यानं कापायची. डोळा शाबूत असलेले तुकडे वेगळे ठेवायची.

"ते कशाला?"

"लावायला."

"पण आपण चाललोय ना?"

तिनं काठी उचलली, एका फुटलेल्या वारुळाची माती परत गोळा करायला लागली. एक काठी मारली. दुसरी मारली. मग काठीवर कपाळ टेकलं, खोकल्यासाठी टेकायची तसं. खोकला आला नाही. मी वाट पाहिली. मग काठी तिरकी झाली आणि आजी वारुळावर कुशीवर झाली. तिच्या मुठीत माती होती.

मी ओरडले नाही. ओरडून कोणाला बोलवायचं हे मला सुचलं नाही. मी तिची मूठ उघडायचा प्रयत्न करत बसले.

माणसं जमली. मामाला मळ्याच्या वाटेवरून परत आणलं. त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. खडकांच्या रांगेवर लाटा फुटताना गावापर्यंत आवाज येत होता. होडी घालणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशीही तसाच. उन्हाळा संपला नव्हता, आणि आजी केळीच्या पानांवर झोपडीत पडलेली होती. मी पान हलवून माश्या हाकत होते.

मामा मुखियाकडे गेला. त्याच्या पायाशी बसला. म्हणाला, "ओढ्याकाठी पुरू दे. कोपऱ्यात. खूण ठेवणार नाही."

मुखिया कालोरिबकडे बघायला लागला.

कालोरिब म्हणाला, "ठरलं होतं ना? खांबाला मुळं फुटतात तर हिला फुटणार नाहीत कशावरून?" या वेळी कोणी हसलं नाही. त्यालाही ते कळलं. तो जरा खाली बघून म्हणाला, "न्या समुद्राकडे. भरतीचं पाणी जिथवर येतं तिथवर जमीन कोणाची नाही. तिथं काय करायचं ते करा."

तसं ठरलं. आम्ही तिला वेताच्या डोलीवर घेऊन किनाऱ्याला गेलो. वाळलेल्या शेवाळाची रेघ होती, भरती तिथवर येऊन गेल्याची. मामानं रेघेला लागून, पाण्याच्या अंगाला, खड्डा घेतला. उकरलं की पाणी झिरपायचं. आमच्यातली दोन माणसं मदतीला आली.

तेवढ्यात लेइताऊ आली. तिच्या काखेत चटई होती.

"ही घ्या," ती मामाला म्हणाली. "माझ्या सुनेचे दिवस भरत आलेत. मेलेल्याची चटई मी घरात ठेवत नाही."

मामानं चटई घेतली. आजीला तिच्यात गुंडाळताना लाल नक्षी वर आली. तिनं विणताना मोजून विणली असणार. चटई तिला बरोबर पुरली, पायाशी थोडीसुद्धा उरली नाही.

वाळू लोटून झाल्यावर मामा किनाऱ्यावर फिरला. आम्ही उपटलेले खांब कालोरिबच्या माणसांनी समुद्रात टाकले होते. त्यातला एक लाटेनं परत आणून टाकला होता. साल जागोजाग सोललेली, एका टोकाला मुळांचे तुटके केस. मामानं तो उचलला आणि आजीच्या डोक्याशी वाळूत मारला. त्याचे डोळे सुजले होते. तो खांब मारून तसाच मळ्याच्या वाटेला लागला आणि म्हणाला, "चल, केसिया."

मी खांबाकडे पाहिलं. मुळांचं टोक वर होतं.

मी दोन्ही हातांनी तो हलवला. ओली वाळू, लगेच सुटला. मी तो फिरवला. बूड खाली, शेंडा वर. माझ्या अंगात तो खोल दाबण्याएवढी ताकद नव्हती. तो कलत होता. मागे पाऊल वाजलं. लेइताऊ अजून गेली नव्हती. मला वाटलं, ती मला मारणार. तिनं खांबाला खांदा लावला, एकदा जोर दिला, खांब हातभर आत गेला. मग तिनं पायानं वाळू लोटली.

"मी काही पाहिलं नाही," ती म्हणाली. "जा, तुझा मामा चाललाय."

मी मळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत वाढले. मग दुसऱ्या मळ्यावरच्या. तिथंच लग्न झालं. नवरा माझ्यासारखाच, राख उडालेल्या बेटाचा. काम सुटलं तेव्हा खोली सुटली. नवरा, दोन पोरं आणि एक पेटी घेऊन मी परत त्या किनाऱ्याला आले.

मधल्या वर्षांत दोन मोठी वादळं झाली होती. त्यांनी खडक फोडून वाळू आणि पोवळं किनाऱ्यावर रचलं होतं, आणि शेवाळाची रेघ चाळीस पावलं समुद्राकडे सरकली होती. पांगारा रेघेच्या आत उभा होता, जमिनीवर. खोड माझ्या दोन्ही हातांत मावत नव्हतं. फुलला होता. गावच्या बायका त्याच्याकडे बघून कोनफळाची लावणी करत होत्या.

मुखिया तेव्हा जुन्या मुखियाचा मुलगा होता. त्यानं विचारलं, "इथंच का?"

मी झाडाकडे बोट दाखवलं. त्याला त्याच्या आईनं काही सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. तो राहा म्हणाला नाही. जा म्हणाला नाही. म्हातारा कालोरिब काठी टेकत आला, झाडाच्या बुडाशी थुंकला आणि म्हणाला, "थेरडी शेवटी बसलीच." मग त्यानं माझ्या धाकट्या पोराकडे पाहिलं, ते झाडाला पाठ लावून बसलं होतं. काठी उगारली, पण मारली नाही.

मी घराला टिकाऊ लाकूड घातलं. अजून कुजलेलं नाही.

लेइताऊ मी परत येण्याच्या आदल्या वर्षी वारली. कालोरिब मी आल्यावर तिसऱ्या पावसाळ्यात वारला. मासिंगमामा मळ्यावरच वारला, माडावरून पडून. माझी आजी तबिता राख पडली त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे बावन्न सालच्या एप्रिलात, कोनफळाच्या काढणीच्या वेळी वारली.